सोन्याचं घड्याळ मोडीत घालण्याआधी

गेल्या श्रावणातली गोष्ट. शेजारच्या काकूंबरोबर मी नाशिकच्या सराफ बाजारात गेलो होतो. नातीच्या लग्नासाठी बांगड्या करायच्या होत्या, म्हणून काकूंनी घरातलं जुनं सोनं रुमालात बांधून आणलं होतं. एक तुटकं कर्णफूल, दोन वेढणी, झिजलेली चेन आणि काकांचं मनगटी घड्याळ. काका जाऊन चार वर्षं झाली. घड्याळ ओमेगाचं, सोन्याचं, त्यांच्या भावाने साठ सालाच्या सुमारास एडनहून आणलेलं. पट्टा केव्हाच तुटला होता. सराफांनी चेन कसाला लावली, वेढणी तोलली, मग घड्याळ हातात घेऊन म्हणाले, "ताई, आतलं मशीन काढून परत देतो. नुसत्या केसचं वजन धरू. अठरा कॅरेट आहे, त्या हिशेबाने मोड मिळेल."

त्यांच्या जागी ते बरोबरच होते. काट्याला वजन कळतं, कसोटीला कस कळतो, आणि त्यांच्या धंद्याला तेवढंच लागतं. मी मात्र काकूंना म्हटलं, "घड्याळ आज राहू द्या. मला एकदा नीट बघू द्या."

तिथून रविवार कारंजापर्यंत चालत येताना काकूंनी एकामागून एक प्रश्न विचारले. सोन्यापेक्षा जास्त किंमत कशाची असते? असली घड्याळं लिलावात घेतं कोण? आणि आपल्यासारख्या माणसाने त्यात पडावं का? त्या दिवशी जमतील तशी उत्तरं दिली. इथे जरा सावकाश देतो.

आधी सोन्याचा हिशेब

अठरा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत अठरा भाग सोनं, हजारात ७५०. आपले दागिने २२ कॅरेटचे, म्हणजे ९१६. पण घड्याळाची केस रोज मनगटावर घासते, टेबलाच्या कडेला आपटते, आणि तिने आतलं नाजूक मशीन सांभाळायचं असतं. २२ कॅरेट त्यासाठी फार मऊ पडतं. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये १८ कॅरेट रूढ झालं. अमेरिकेच्या बाजारासाठी १४ कॅरेटच्या, म्हणजे ५८५ च्या केस पुष्कळ झाल्या, आणि इंग्लंडमध्ये ९ कॅरेटच्या, म्हणजे ३७५ च्या.

हे ओळखायचं ठशांवरून. जुन्या स्विस केसवर १८ कॅरेटसाठी बाईच्या मुखवट्याचा छोटा ठसा असतो. ती हेल्वेशिया, स्वित्झर्लंडचं प्रतीक. १४ कॅरेटला खारीचा ठसा असे. १९९५ नंतरच्या घड्याळांवर या दोघींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. आपल्या बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, त्रिकोण मात्र घड्याळावर शोधू नका. १६ जून २०२१ पासून आपल्याकडे दागिन्यांचं हॉलमार्किंग सक्तीचं झालं, तेव्हा घड्याळं आणि फाउंटन पेनं त्यातून वगळली होती.

नाशिकच्या जुन्या घरांतून मला दाखवायला येणारी दहातली नऊ 'सोन्याची' घड्याळं मुलाम्याची निघतात. फेवर ल्युबा, रोमर, टिटोनी, वेस्ट एन्ड ही आपल्याकडची लाडकी नावं. पाठीवर 'स्टेनलेस स्टील बॅक' किंवा '२० मायक्रॉन्स' असं कोरलेलं दिसलं, तर वरचं सोनं म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका पापुद्रा. घड्याळ म्हणून ती उत्तम असतात, माझ्याकडेही आहेत. पण आजचा विषय भरीव सोन्याच्या केसचा आहे.

भरीव म्हटलं तरी त्यात सोनं किती? पन्नास-साठच्या दशकातल्या पातळ, ३४-३५ मिलिमीटरच्या केसमध्ये साधारण दहा-पंधरा ग्रॅम. सोन्याचा पट्टा असेल तर गोष्ट वेगळी. सराफ मोजतात ते हे एवढंच. संग्राहक ज्याचे पैसे मोजतो ते उरलेल्या घड्याळात असतं, आणि कधीकधी सोनं त्याच्या आड येतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या १५१८ मॉडेलचं. १९४१ मध्ये ते आलं. लीप वर्षासकट तारखेचा हिशेब स्वतः ठेवणारं कॅलेंडर आणि स्टॉपवॉच एकाच मनगटी घड्याळात बसवून ते ओळीने बनवायचं काम त्याआधी कोणीच केलं नव्हतं. एकूण २८१ नग झाले, जवळपास सगळे सोन्याचे, बहुतेक पिवळ्या आणि काही गुलाबी सोन्यात. साध्या स्टीलमधले फक्त चार माहीत आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरात जिनिव्हात त्या चारांतलं एक विकायला आलं आणि १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. इजिप्तच्या एका राजपुत्राचं गुलाबी सोन्यातलं १५१८ डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कला ९५ लाख डॉलरच्या वर गेलं, तीही अफाट किंमतच. पिवळ्या सोन्यातली, म्हणजे ज्यांची संख्या जास्त ती, या दोघांच्या खूप खाली राहतात. मशीन तेच, आकार तोच. स्टीलचं सगळ्यात महाग, कारण ते सगळ्यात दुर्मिळ. धातूचा भाव या हिशेबात कुठेच येत नाही.

पॉलिशने काय जातं

आपल्याकडे जुना दागिना सराफाकडे गेला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "उजळून द्या." चिंचेच्या पाण्यातून निघालेली देवाची भांडी आणि उजळलेली ठुशी आपल्या डोळ्याला सणाची वाटतात. घड्याळाच्या बाबतीत याच सवयीने सगळ्यात जास्त नुकसान केलं आहे, आणि हे सांगताना मला खरंच वाईट वाटतं, कारण माणसं ते प्रेमाने करतात.

केस कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या कडा धारदार असतात. पट्टा जिथे अडकतो ते चार कान, ज्यांना लग म्हणतात, ते जाड आणि सरळ रेषेत उतरलेले असतात. काही लगांवर तिरका कापलेला अरुंद पैलू असतो. काही ठिकाणी आरशासारखी झिलई आणि तिला लागूनच बारीक रेघांची मॅट घासणी असते, आणि दोन्हींच्या मधली सीमा सुरीने कापल्यासारखी दिसते. बफच्या चाकावर केस एकदा धरली की ओरखड्याच्या तळापर्यंतचं सगळं सोनं निघून जातं. ओरखडा भरून येत नसतो, आजूबाजूची जमीन त्याच्या पातळीला खाली आणली जाते. असं तीन-चारदा झालं की पैलू नाहीसा, लग बारीक आणि गोल, आणि लगाच्या बाजूवरचा हेल्वेशियाचा चेहरा पुसट. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ठसे स्पष्ट आहेत असं मुद्दाम लिहितात ते याचसाठी. ठसा खोल असेल, तर भोवतीचं सोनंही जागेवर आहे.

नाणी जमवणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. त्र्यंबक रोडला अंजनेरीजवळ नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची, तिथलं नाण्यांचं संग्रहालय पाहण्यासारखं आहे. नाण्यांच्या अभ्यासकाला विचारून पाहा, घासून चकचकीत केलेलं जुनं रुप्याचं नाणं त्याला हातात धरवत नाही. शेकडो वर्षांत चढलेली काळपट साय हाच त्याचा पुरावा असतो. घड्याळाचं वय साठ-सत्तर वर्षांचं, पण नियम तोच.

अलीकडे झिजलेल्या कडांवर लेझरने सोनं भरून पुन्हा धार काढून देणारे कारागीरही आहेत. काम सुंदर असतं. पण मग ती कड आजची झाली, १९५५ ची राहिली नाही, आणि विकणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे.

डायल वाचायला शिकणं

जुन्या घड्याळाच्या किमतीचा सगळ्यात मोठा वाटा डायलचा असतो. हे मला कळलं ते घड्याळाच्या दुकानात नाही, घरी. वडील, म्हणजे आमचे दादा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. आमच्याकडे नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटांची आणि टपालतिकिटांची छपाई हेच कळतं. दादांच्या खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग कायम असे. नोट हातात आली की ते अक्षराची कड बघायचे. कोरलेल्या प्लेटवरून उतरलेली शाई कागदावर किंचित उंच बसते, तिची कड सरळ असते, असं ते सांगायचे. मी त्यांच्या त्याच भिंगाने घड्याळं बघतो.

डायलवरची नावं आणि मिनिटांच्या रेघासुद्धा कोरलेल्या प्लेटवरूनच उतरतात. प्लेटमधली शाई एका मऊ गादीने उचलायची आणि डायलवर अलगद टेकवायची. कारखान्यातल्या छपाईत अक्षरांची जाडी सारखी असते, मिनिटाची प्रत्येक रेघ तासाच्या खुणेशी बरोबर जुळते, आणि सगळ्यात खाली सहाच्या दोन बाजूंना 'स्विस मेड' ही अगदी बारीक अक्षरं काठाला नीट बसलेली असतात. नव्याने रंगवलेल्या डायलवर हेच बिघडतं. अक्षरं जाड होतात, कड पसरते, रेघ खुणेला चुकवून जाते, खालची अक्षरं सरकतात किंवा विसरलीच जातात.

आपल्याकडे डायल रंगवून देण्याची चाल फार जुनी आहे. ओलसर हवेने डायल डागाळायचं, गिऱ्हाईक म्हणायचं "नवीन करून द्या", आणि कारागीर मन लावून करून द्यायचा. त्यात फसवणूक नव्हती. पण त्याच हातांनी पुढे जुन्या घड्याळांवर भडक रंगाच्या डायल चढल्या, ती परदेशात विकली गेली, आणि तिकडच्या संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' हा शब्द हेटाळणीचा झाला. आज भारतातून जाणाऱ्या कुठल्याही घड्याळाकडे आधी याच संशयाने पाहिलं जातं. त्यामुळे तुमच्या घरातल्या घड्याळाचं डायल मूळचं असेल, डागाळलेलं का असेना, तर ते तसंच ठेवण्याला दुप्पट अर्थ आहे.

पाटेक फिलिपच्या जुन्या डायलवरचं नाव आणखी वेगळ्या रीतीने येतं. अक्षरं डायलच्या पत्र्यात कोरतात, खाचेत मिन्याची पूड भरतात, भट्टीत भाजतात आणि मग पृष्ठभाग सपाट करतात. मीनाकारी म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. ही अक्षरं घासून जात नाहीत, म्हणून डायल हलक्या हाताने साफ केलं तरी नाव टिकतं. पण कोणी जास्त घासलं तर खाच उथळ होते आणि अक्षरं बारीक, तुटक दिसायला लागतात. भिंगाखाली 'फिलिप'मधल्या अक्षरांचे टोकदार पाय शाबूत आहेत का, एवढ्यावरून कितीदा काय झालं याचा अंदाज येतो. याच कंपनीचं १९५३ चं २५२६ हे मॉडेल तर संपूर्ण मिन्याच्या डायलचं. ते दुधासारखं दिसतं आणि रंगवता येत नाही, पण चावीच्या जवळ किंवा खुणांच्या भोवती केसाएवढा बारीक तडा गेलेला असू शकतो. तो डायल दिव्याखाली तिरकं धरूनच दिसतो, फोटोत बहुधा दिसत नाही.

एक छोटी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकातल्या काही डायलवर 'स्विस' या शब्दाच्या दोन बाजूंना ग्रीक सिग्मा हे अक्षर दिसतं. त्याचा अर्थ डायलवरच्या तासांच्या खुणाही सोन्याच्या आहेत.

डायलनंतर मशीनचा नंबर, केसचा नंबर, काटे आणि चावी. हे सगळं एकाच घड्याळाचं आहे का, हे बघायचं. पाटेक फिलिप आपल्या दप्तरातून उतारा देते: या नंबराचं मशीन कोणत्या धातूच्या केसमध्ये, कधी बनलं, कधी विकलं गेलं. सातबाऱ्यासारखंच आहे हे. उताऱ्यात जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळतं, शेतात आज काय उभं आहे ते जाऊनच बघावं लागतं. कंपनी उतारा देताना घड्याळ पाहत नाही.

मोठ्या लिलावातही चूक होते. २०२१ मध्ये जिनिव्हात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर ३१ लाख फ्रँकला गेलं, स्टीलचं. दोन वर्षांनी ओमेगा कंपनीनेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं होतं. जगातले जाणकार त्या खोलीत होते, तरी हे झालं.

लासलगावचा लिलाव आणि जिनिव्हाचा

लिलाव म्हणजे काय हे नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागते, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, कोणी मधूनच चार कांदे उपसून दाबून बघतो आणि बोली चढत जाते. जिनिव्हातला हॉल वातानुकूलित असतो आणि बोली कमी आवाजात होते, एवढाच वरवरचा फरक. आतला सांगाडा सारखाच आहे, पण तीन ठिकाणी तो वेगळा वळतो आणि तिथेच नवखा माणूस अडखळतो.

पहिलं, भाव. लासलगावात शेतकऱ्याला बोली पटली नाही तर तो माल देत नाही. तिकडे विकणाऱ्याची ही मर्यादा आधीच ठरलेली असते. तिला राखीव किंमत म्हणतात, ती गुप्त असते, आणि कॅटलॉगमध्ये छापलेल्या अंदाजाच्या खालच्या आकड्याहून ती वर नसते. '६,००० ते १०,००० फ्रँक' असं छापलं असेल तर राखीव किंमत ६,००० किंवा त्याहून खाली. त्या रेषेपर्यंत बोली पोचवायला लिलाव पुकारणारा विकणाऱ्याच्या वतीने स्वतः आकडे पुकारू शकतो. नियमांत ते लिहिलेलं असतं, लपवाछपवी नसते. तरीपण सुरुवातीचे दोन-तीन आकडे ऐकून 'केवढी झुंबड आहे' असं समजू नये. अंदाज मुद्दाम खाली ठेवलेला असतो, माणसं यावीत म्हणून. त्याला बाजारभाव समजणारा हमखास निराश होतो.

दुसरं, आडत. आपल्या राज्यात २०१६ मध्ये कांदा-बटाटा, फळं-भाज्यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. क्रिस्टीज आणि सदबीज या दोन बड्या लिलावसंस्थांनी लंडनमध्ये खरेदीदाराकडून आडत घ्यायला १९७५ मध्येच सुरुवात केली, तेव्हा १० टक्क्यांनी. आज ती पंचवीस टक्क्यांच्या वर गेली आहे, आणि विकणाऱ्याकडून वेगळी घेतात ती निराळीच. समजा हातोडा ८,००० फ्रँकवर पडला आणि आडत २६ टक्के आहे. मग तुमचं बिल १०,०८० फ्रँकचं. पाठवण्याचा, विम्याचा, चलन बदलण्याचा खर्च अजून यायचाच आहे. म्हणून मी बोलीचा आकडा कधीच आधी ठरवत नाही. घरी घड्याळ येईपर्यंत एकूण किती घालायचे ते ठरवतो आणि उलटा मागे मोजत बोलीपर्यंत येतो. तो आकडा कागदावर लिहून समोर ठेवतो. नोव्हेंबरात जिनिव्हात दुपारचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, मे महिन्यात साडेपाच. दिवेलागणीच्या वेळी, फोनवर आकडे पळत असताना, तो कागद लागतो.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. लासलगावात खळ्यावर ट्रॉली रिकामी करताना तळाला खराब माल निघाला तर व्यापारी भावावरून वाद घालतो. लिलावात घेतलेलं घड्याळ मात्र 'जसं आहे तसं' घ्यायचं असतं. ते अमुक कंपनीचं आहे याची हमी लिलावसंस्था देते. ते चालतं का, मशीनला गंज आहे का, केस किती घासली आहे, याची देत नाही. त्यासाठी स्थितीचा अहवाल मागायचा असतो, आणि तो फुकट मिळतो. मागताना थेट प्रश्न विचारा. डायल पुन्हा छापलं आहे का? चावी आणि काटे मूळचे आहेत का? केसच्या आत कुठे डाग देऊन, म्हणजे झाळून, जोडलं आहे का? उघड्या मशीनचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो मागा. कॅटलॉगची भाषाही शिकून घ्यावी लागते. 'रिस्टोअर्ड डायल' म्हणजे रंगवलेलं. 'लेटर डायल' म्हणजे मूळ काढून नंतरचं बसवलेलं. ज्या गोष्टीबद्दल कॅटलॉग अवाक्षर काढत नाही, तिच्याबद्दल आधी विचारा.

मगरीच्या कातड्याचा पट्टा फोटोत दिसला तरी तो मिळेल असं धरू नका. संरक्षित प्राण्यांच्या कातड्याच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे तो पुष्कळदा काढूनच घड्याळ पाठवतात.

आता कायदा, थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, तेव्हा पैसे देणं अवघड नाही. अवघड आहे घड्याळ आणणं. आपल्या परकीय व्यापार धोरणात वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे, त्याला परवानगी लागते, आणि वर सीमाशुल्क आणि जीएसटी. बोली लावण्याआधी कस्टम्सचं काम करणाऱ्या माहितगाराशी बोला, नंतर नाही. देशातल्या देशात १० लाखांवरचं मनगटी घड्याळ घेतलं तर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता किमतीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, वसूल करतो, तो विवरणपत्रात दाखवून वळता करून घेता येतो. उलट दिशेचा नियमही आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची झालेली कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. विसाच्या दशकातली मनगटी घड्याळं आता त्या वयाला पोचत आहेत.

म्हणून माझा स्वतःचा मार्ग असा: शिकायचं जिनिव्हाकडून आणि घ्यायचं जवळून. बड्या लिलावसंस्थांचे जुने कॅटलॉग आणि हातोड्याचे भाव इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. पाच वर्षांत एका मॉडेलचे किती नग आले, कुठल्या स्थितीत, कितीला गेले, हे वहीत उतरवत गेलं की डोळा तयार होतो. खरेदीसाठी मुंबईतल्या सॅफ्रनआर्ट, ॲस्टागुरू यांसारख्या संस्थांच्या लिलावांत घड्याळं येतात, तिथे जाऊन हातात घेऊन बघता येतं. नवख्याने पाटेकच्या मागे लागू नये. ओमेगाची कॉन्स्टेलेशन, लाँजिनची साधी तीन काट्यांची, आयडब्ल्यूसीची पन्नास-साठच्या दशकातली सोन्याची घड्याळं अजूनही त्यांच्या कारागिरीच्या मानाने स्वस्त आहेत. आजची फॅशन मोठ्या आणि स्टीलच्या घड्याळांची असल्यामुळे ३४ मिलिमीटरचं सोन्याचं घड्याळ मागे पडलं आहे. आपल्या मनगटांना तो आकार छान बसतो.

इथे मला सेको ॲस्ट्रॉनची आठवण येते. २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत विक्रीला आलेलं हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, किंमत साडेचार लाख येन. बॅटरीवर चालणाऱ्या ज्या घड्याळाने पुढच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या कारागिरांचे रोजगार हजारोंनी बुडवले, त्याची स्वतःची केस १८ कॅरेट सोन्याची होती. स्विस चावीची घड्याळं निरुपयोगी ठरली, ड्रॉवरमध्ये गेली, आणि पुष्कळ केस १९८० मध्ये सोन्याचा भाव भडकला तेव्हा वितळल्या. उरलेल्यांना मोल आलं ते त्यानंतर. १९८९ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हात अँटिकोरम या लिलावसंस्थेने फक्त पाटेक फिलिपचा लिलाव मांडला, आणि चावीच्या घड्याळांचा संग्रह ही गंभीर गोष्ट आहे हे जगाला पटायला तिथून वेग आला.

वस्तू कोणाची होती यानेही भाव बदलतो, हे आपण भारतीयांनी एकदा जवळून पाहिलं आहे. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, वाटी, ताटली आणि झेनिथचं खिशातलं घड्याळ एकत्र लिलावात निघालं आणि १८ लाख डॉलरला गेलं. ते घड्याळ सोन्याचं नव्हतं. आपल्या घरात गांधीजींचं घड्याळ नसतं, पण बिल असतं, दुकानाचा डबा असतो, लग्नातला फोटो असतो ज्यात तेच घड्याळ त्याच मनगटावर दिसतं. यातलं काहीही टाकू नका.

काकूंचं घड्याळ

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडे बसून काकांचं ओमेगा उघडलं. मेनरोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान आहे, तिसरी पिढी. झाकणावर सोन्याच्या गोल चकतीत वेधशाळेचा घुमट आणि वर आठ तारे, म्हणजे कॉन्स्टेलेशन. मशीनच्या नंबरावरून साल १९६० च्या आसपासचं, घरची आठवण जुळली. झाकणाच्या आत '१८ के, ०.७५०' आणि शेजारी हेल्वेशियाचा चेहरा, नाकासकट स्पष्ट. लग जाड, कडा हाताला लागतात अशा. डायल मधोमध सपाट आणि काठाला बारा पैलूंनी उतरतं, पालथ्या ताटलीसारखं. चारच्या बाजूला तपकिरी डाग पडले आहेत. दादांचं भिंग लावून एकेक रेघ पाहिली. प्रत्येक रेघ खुणेशी जुळत होती, 'स्विस मेड' जागच्या जागी होतं. डायल कधीच रंगवलेलं नव्हतं. डायलवरचा कॉन्स्टेलेशनचा तारा किंचित काळवंडला होता, तोही मूळचा.

दुरुस्तीवाल्यांनी झाकण उजेडात तिरकं धरलं आणि आतल्या बाजूला सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा दाखवल्या. सर्व्हिसिंग केलं की कारागीर आपली खूण आणि तारीख अशी आत कोरून ठेवतो. तीन खुणा होत्या. एक इंग्रजीत, बहुधा एडनची. दोन देवनागरी आकड्यांत: ७१ आणि ८३. दुसरी खूण त्यांनी ओळखली, त्यांच्या वडिलांची होती.

काकूंनी बांगड्या कर्णफूल, वेढणी आणि चेनमध्येच करायच्या ठरवल्या, थोडे पैसे वरून घातले. घड्याळाचं तेलपाणी झालं. काच बदलली, मूळची काच पुडीत बांधून बिलाबरोबर ठेवली. केसला हात लावलेला नाही. चौथी खूण झाकणाच्या आत दुरुस्तीवाल्यांनी कोरली, वडिलांच्या खुणेच्या खाली.